विळीचं पातं खोकं फाडून बाहेर आलं. धारदार आणि फुटणाऱ्या मालाचं पॅकिंग तुम्ही कसं करता?

धायरीची_विळीवाली (सोमवार, रात्री १०.२०)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. आमचं धायरीला छोटं वर्कशॉप आहे, सासरे आणि नवरा मिळून विळ्या करतात, पाटाची, फोल्डिंगची, खवणीवाली, बिनखवणीची, सगळ्या. दोन वर्षांपासून ऑनलाइनचं सगळं मी बघते. आमचं पॅकिंग म्हणजे पातं मिटायचं, वर्तमानपत्र गुंडाळायचं, वरून बबल रॅप, मग किराणा दुकानातून आणलेल्या खोक्यात ठेवून टेप मारायची. आजवर कधी तक्रार आली नव्हती त्यामुळे मला वाटायचं की चाललंय ते बरोबरच आहे.

गेल्या आठवड्यात नाशिकला निघालेलं एक पार्सल. वाटेत कुठेतरी पातं उघडलं, खवणीचे दात पुठ्ठ्यातून आरपार गेले आणि डिलिव्हरीच्या मुलाने खोकं उचललं तेव्हा त्याच्या तळहाताला लागलं, चार टाके पडले. मला हे ज्या काकूंनी विळी मागवली होती त्यांच्याकडून कळलं. मी त्या मुलाचा नंबर मिळवून फोन केला, औषधपाण्याचे पैसे पाठवले, तो उलट मलाच म्हणाला ताई तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका. पण मनाला लागलंच. सासऱ्यांनी दोन दिवस ग्राइंडर चालू केला नाही. ते म्हणाले, चाळीस वर्षं दुकानात विळी विकली, गिऱ्हाइकाच्या हातात देताना पातं आपल्याकडे आणि पाट त्यांच्याकडे करून दिली, आता कुणाच्या हातात जाते ते दिसतच नाही.

मार्केटप्लेसने लिस्टिंग थांबवलंय, नव्या पॅकिंगचे फोटो मागितलेत. लिस्टिंगचं होईल ते होईल, पण परत कुणाचा हात कापता कामा नये. जाणकारांनी सांगा.

चाकण_नाइटशिफ्ट (सोमवार, रात्री ११.४५)

ताई, मी चाकणला गोदामात आहे, इनवर्डला, म्हणजे येणारा माल उतरवून घ्यायला. आमच्याकडे काय होतं ते सांगतो. माल ट्रकमधून उतरतो, खोकं उघडतं, प्रत्येक नग स्कॅन होऊन प्लास्टिकच्या क्रेटमध्ये किंवा रॅकच्या कप्प्यात जातो आणि एकाच कप्प्यात शाम्पू, चार्जर, सुरी, खेळणं सगळं शेजारी शेजारी असतं. ऑर्डर आली की पिकर येतो, स्क्रीनवर कप्पा बघतो आणि हात घालतो. आमचा हात आधी आत जातो, डोळे नंतर. एका शिफ्टमध्ये शेकडो वेळा. त्यामुळे बबल रॅपमध्ये गुंडाळलेली धारदार वस्तू उघड्या वस्तूपेक्षा वाईट, कारण वरून मऊ लागते आणि माणूस घट्ट पकडतो.

तुम्ही थेट घरून पाठवत असाल तरी पार्सल मधे दोन-तीन ठिकाणी सॉर्ट होतं, पट्ट्यावरून घसरतं, वरून दुसरी खोकी पडतात. पातं मिटलंय यावर विसंबू नका. मिटलेलं पातं उघडणारच असं समजून पॅक करा.

अजून एक, हे कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. रिटर्न. गिऱ्हाइकाने विळी उघडली, तुमचं पॅकिंग फाडून कचऱ्यात टाकलं, आवडली नाही म्हणून परत केली, तर ती येताना नुसत्या पिशवीत येते. मला स्वतःला लागलंय ते रिटर्नच्या मालानेच, सुऱ्यांचा सेट होता. म्हणून पात्यावरचं कव्हर असं करा की उघडताना फाडावं लागू नये आणि परत बसवता यावं.

कर्वेनगरकर (मंगळवार, सकाळी ८.०५)

बागेचा होज पाइप घ्या, लांबीत एक चीर द्या, पात्यावर बसवा. आमचे बाबा कुऱ्हाडीला, कोयत्याला हेच करायचे. काम झालं.

निवृत्त_क्यूसी (मंगळवार, सकाळी ९.३०)

कर्वेनगरकर, शेतावरून घरी नेताना ठीक आहे, माणूस सोबत असतो. ट्रकमध्ये तासन्तास हादरे बसले की पाइप सरकत सरकत टोकाकडे जातो आणि अर्धं पातं उघडं पडतं. मी तीस वर्षं भोसरी आणि पिंपरीला गाड्यांच्या सुट्या भागांची तपासणी केली, तेव्हा हेच शिकलो की नुसतं झाकून भागत नाही, झाकलेलं जागेवरून हलता कामा नये.

अॅमेझॉनच्या एफबीए नियमांत (एफबीए म्हणजे विक्रेत्याने माल अॅमेझॉनच्या गोदामात ठेवून विकायची पद्धत) धारदार मालाबद्दल जे आहे त्याचा गाभाही हाच आहे. धार आणि टोक कुठूनही उघडं नको, वेष्टन आतून कापलं जाणार नाही इतकं दणकट हवं आणि वस्तू आत सरकता कामा नये. मोल्ड केलेल्या ट्रेमध्ये धारदार वस्तू नुसत्या रबरबँडने किंवा तशाच कामचलाऊ बंधनाने अडकवलेली चालत नाही. तुमचं मार्केटप्लेस कोणतंही असो, हे तीन मुद्दे घरी लागू करून बघा.

ताई, तुमची पाती लोखंडी की स्टेनलेसची? लोखंडी असतील आणि तुम्ही गंजू नये म्हणून तेल लावत असाल तर तेही सांगा, त्यावर बरंच अवलंबून आहे.

धायरीची_विळीवाली (मंगळवार, दुपारी १.१५)

दोन्ही आहेत पण मागणी लोखंडीलाच जास्त, धार छान धरते म्हणून. आणि हो, तेलाचा हात फिरवतो. बापरे, त्याचाही संबंध आहे का?

निवृत्त_क्यूसी (मंगळवार, दुपारी २.००)

आहे ना. तेल वर्तमानपत्रात उतरतं, तिथून पुठ्ठ्यात. तेलकट पुठ्ठा मऊ पडतो आणि त्यावर टेप धरत नाही, म्हणजे जिथे ताकद हवी नेमकी तिथेच कच्चं होतं. तेल अगदी पुसट लावा, मग पात्याला बटर पेपर गुंडाळा आणि त्यावर कव्हर. गाड्यांच्या भागांना आम्ही व्हीसीआय कागद वापरायचो, त्यातून गंज रोखणारी वाफ निघते, तेल लागत नाही. पण ही स्वयंपाकघरातली वस्तू आहे, त्यामुळे तुम्ही बटर पेपरच वापरा, आणि गिऱ्हाइकाने पहिल्यांदा धुवून घ्यायची अशी सूचना घाला.

भोसरी_खोकेवाला (मंगळवार, रात्री ९.५०)

उशिरा बघितला धागा. आमचं कॉरुगेटेडचं युनिट आहे भोसरी एमआयडीसीत, दोन पिढ्या. पहिलं म्हणजे किराणा दुकानातलं वापरलेलं खोकं बंद करा ताई. एकदा प्रवास करून आलेल्या खोक्याचे कोपरे दबलेले असतात, आतले फ्लूट, म्हणजे कागदाच्या लाटा, चपटे झालेले असतात, बाहेरून दिसत नाही पण अर्धी जान गेलेली असते. त्यात आपल्याकडचा पावसाळा, पुठ्ठा हवेतला ओलावा ओढतो आणि नरम होतो, जून ते सप्टेंबर खोकी जमिनीवर ठेवूच नका, फळीवर ठेवा आणि भिंतीला चिकटवू नका.

विळीच्या वजनाला ५ प्लाय घ्या. ५ प्लाय म्हणजे पाच कागद, तीन सपाट आणि मधे दोन लाटांचे. त्या लाटांना आम्ही फ्लूट म्हणतो, बी फ्लूट साधारण ३ मिमी उंच, सी फ्लूट साधारण ४. उभ्या भिंतीत फ्लूट उभे हवेत, आडवे असले की वरच्या वजनाने खोकं बसतं.

आता पात्याचं कव्हर, कारण खरी गोम तिथेच आहे. बहुतेक लोक पुठ्ठ्याची पट्टी घेतात, दुमडतात, पातं आत घालतात, टेप लावतात. पट्टी सहज दुमडते म्हणून फ्लूटच्या दिशेनेच दुमडतात, आणि मग धार बरोबर दोन लाटांच्या मधल्या खळग्यात बसते, तिथे कापायला फक्त कागद उरतो. घरात कटर घेऊन करून बघा, फ्लूटच्या दिशेने पुठ्ठा लोण्यासारखा कापला जातो आणि आडवं कापताना जोर लागतो. म्हणून कव्हर असं कापा की फ्लूट धारेला काटकोनात येतील. दुमडायला त्रास होतो, आधी पट्टीने किंवा चमच्याच्या मागच्या बाजूने रेघ दाबून घ्यायची. मग दुमडलेल्या खाचेत अजून एक जाड पट्टी घालायची, म्हणजे धार आधी त्या पट्टीवर टेकते, घडीवर टेकतच नाही.

बरणीघर (मंगळवार, रात्री ११.१०)

खोकेवाले दादा, फ्लूटचं हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही चिनी मातीच्या लोणच्याच्या बरण्या विकतो, शनिवार पेठेत घर आहे आणि मागच्या खोलीतच पॅकिंग. आमचा प्रश्न उलटा आहे, आमचा माल दुसऱ्याला कापत नाही, पण फुटला की तोही धारदारच होतो. एका आजींनी फुटकी बरणी उघडताना बोट कापून घेतलं होतं, तेव्हापासून प्रत्येक बरणी आधी एका बंद पिशवीत जाते, फुटली तरी तुकडे पिशवीतच राहतात.

पहिल्या वर्षी आम्ही झाकण बरणीवर ठेवूनच पाठवायचो. दर दहातली एक तरी फुटायची आणि फुटायची कुठे तर काठाला, झाकण जिथे टेकतं तिथेच. चिनी माती चिनी मातीवर आपटली की दोन्ही जातात. आता झाकण वेगळं गुंडाळतो आणि बरणीच्या पोटात उलटं ठेवतो, वरखाली कागदाचे गोळे. बबल रॅपचे दोन वेढे, फुगे आतल्या बाजूला, मग छोटं खोकं, आणि ते छोटं खोकं मोठ्या खोक्यात, सहाही बाजूंना दोन इंच भरलेली जागा. दोन खोक्यांनी खर्च वाढतो, पण फुटलेल्या बरणीचे पैसे, जाण्यायेण्याचं भाडं आणि नाराज माणूस हे सगळं धरलं तर दोन खोकी स्वस्त पडतात.

वर्तमानपत्राबद्दल, पांढऱ्या बरणीला शाई लागते आणि कागद दबून बसतो, चार दिवसांनी आत जागा होते. आम्ही बोहरी आळीतून कोरा तपकिरी कागद रोलमध्ये आणतो. भरल्यावर खोकं कानाशी धरून हलवायचं, आतून जरासुद्धा आवाज आला तर परत उघडायचं. माझी आई हे काम करते, तिचा कान पक्का आहे.

चाकण_नाइटशिफ्ट (बुधवार, पहाटे ५.४०)

शिफ्ट संपवून लिहितोय. बरणीवाल्या ताई, पिशवीची आयडिया सोन्यासारखी आहे. फुटलेल्या काचेचं खोकं आमच्याकडे आलं की खालून चुरा गळतो आणि तो पट्ट्यावर पसरतो, पुढच्या सगळ्या पार्सलना लागतो.

फ्रॅजाइलच्या स्टिकरवर कुणी भरवसा ठेवू नका. लावा जरूर, पण पट्ट्याला आणि मशिनला वाचता येत नाही आणि रात्री तीनला ट्रक रिकामा करणाऱ्या माणसाला प्रत्येक स्टिकर बघायला सवड नसते. आणि गोदामात पाठवायच्या मालात सुटं फिल, म्हणजे कागदाच्या बारीक पट्ट्या, थर्माकोलचे दाणे, हे टाकू नका, एफबीएत तर चालतच नाही. फुग्यांचं प्लास्टिक, हवेच्या उशा, फोमची शीट, अख्खे कागद चालतात.

शाडूवाला (बुधवार, सकाळी ११.००)

मूर्तीवाला म्हणून एक भर. शाडूच्या मूर्तीचा नाजूक भाग म्हणजे सोंड, वरचे हात, बोटं. नवखे लोक तिथेच सगळ्यात जास्त कापूस आणि बबल कोंबतात आणि त्या दाबानेच बोट तुटतं. आम्ही मूर्ती पाटापासून धरतो. पाट खोक्याच्या तळाला पक्का अडकवायचा, पाठीला आधार द्यायचा आणि नाजूक भाग मोकळ्या हवेत ठेवायचा, त्याला काही टेकूच द्यायचं नाही. वस्तूचा दणकट भाग कुठला ते आधी शोधा आणि तिथूनच पकडा. तुमच्या विळीला तर पाट आहेच की ताई.

धायरीची_विळीवाली (बुधवार, दुपारी ३.३०)

शाडूवाले दादा, हे वाचून सासरे उठून उभेच राहिले. म्हणाले बरोबर आहे, विळी पाटानेच धरायची असते. आज संध्याकाळी बसतोय सगळे. एक शंका, आमची मोठी विळी आहे तिचं पातं ९ इंचांपेक्षा लांब आहे, कुणीतरी म्हणालं की शस्त्र कायद्यात बसतं, खरं का?

निवृत्त_क्यूसी (बुधवार, दुपारी ४.१०)

घाबरू नका. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापरासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. विळी घरगुतीच. लिस्टिंगमध्ये आणि खोक्यावर स्वयंपाकघरातली विळी असं स्पष्ट लिहा म्हणजे कुणाला शंका राहणार नाही.

पॅकिंग झालं की पाडून बघा. एफबीएची फुटणाऱ्या मालाची चाचणी आहे ती विळीलाही लावा. ३ फुटांवरून, म्हणजे ओट्याच्या किंचित वरून, कडक फरशीवर पाच वेळा. तळावर सपाट, माथ्यावर सपाट, सगळ्यात लांब बाजूवर, सगळ्यात आखूड बाजूवर, आणि शेवटी एका कोपऱ्यावर. पाचही वेळा तेच खोकं, मधे उघडायचं नाही, टेप बदलायची नाही.

धायरीची_विळीवाली (शुक्रवार, रात्री १०.५५)

लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

बुधवारी रात्री पहिलं कव्हर केलं. खोकेवाले दादांनी सांगितलं तसं फ्लूट आडवे, आत जादा पट्टी. पात्याला बटर पेपर. पात्याचा बाक आहे त्यामुळे सरळ पट्टी बसेना, मग सासऱ्यांनी जुन्या पात्याचा आकार पुठ्ठ्यावर पेन्सिलने काढला आणि तसे दोन तुकडे कापले, कडेला तिसरा तुकडा मधे घालून शिवले. हो, दाभणाने आणि सुतळीने शिवले, टेप नाही. म्यानासारखं झालं. गिऱ्हाइकाला ते न फाडता ओढून काढता येतं आणि परत घालता येतं, चाकणच्या दादांचा मुद्दा पक्का डोक्यात होता. मग पातं मिटून म्यानासकट पाटाला कापडी पट्टीने दोन ठिकाणी बांधलं, म्हणजे बिजागरी सैल झाली तरी पातं उठत नाही.

ओट्याशेजारी फूटपट्टी धरून पाडलं. तळ, माथा, लांब बाजू, तिन्ही व्यवस्थित. चौथ्यांदा आखूड बाजूवर पाडलं आणि टक्क असा आवाज आला. बघितलं तर खवणीचे तीन दात खोक्याच्या भिंतीतून बाहेर. नाशिकच्या पार्सलला नेमकं हेच झालं असणार. आम्ही सगळं लक्ष धारेवर दिलं होतं आणि टोक विसरलो. मी पाचव्यांदा कोपऱ्यावर पाडायच्या आधीच रडायला लागले होते, नवरा म्हणाला अगं बरं झालं घरात कळलं.

गुरुवारी खवणीला वेगळी टोपी केली. पहिली जाड पुठ्ठ्याची केली ती दातांनी कुरतडली. मग वर्कशॉपमध्ये पाटाच्या लाकडाचे तुकडे उरतात, त्यातल्या एकाला सासऱ्यांनी गोल खाच पाडली, खवणी त्यात पूर्ण बसते, आणि तो तुकडा सुतळीने पात्याच्या मानेला बांधला. आता खोक्याच्या भिंतीवर आदळतं ते सपाट लाकूड. शिवाय पाटाच्या दोन्ही टोकांना पुठ्ठ्याच्या घड्या घालून पाट खोक्यात घट्ट अडकवला. पाच वेळा पाडलं. मग सासऱ्यांनी परत पाच वेळा. मग धाकट्या दिरांनी. उघडलं तर म्यान जागच्या जागी.

भोसरी_खोकेवाला (शुक्रवार, रात्री ११.३०)

शिवलेलं म्यान! फार सुंदर. फोटो टाका. खोक्याचं माप काय ठेवलंत?

धायरीची_विळीवाली (शनिवार, सकाळी ७.१५)

जुनं खोकं ४५ बाय ३० बाय २० सेंमीचं होतं, किराण्याचं, मिळेल ते. नवं ४२ बाय १८ बाय १४.

भोसरी_खोकेवाला (शनिवार, सकाळी ७.४०)

मग तुमचा खर्च वाढणार नाही, उलट कमी होईल, हे बघा. कुरियरवाले आकारमानाचं वजन धरतात, बरेच जण लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५००० करतात. जुनं खोकं २७,००० भागिले ५००० म्हणजे ५.४ किलो. नवं १०,५८४ भागिले ५००० म्हणजे साधारण २.१ किलो. तुमची विळी दोन किलोच्या आतबाहेर असेल, म्हणजे इतके दिवस तुम्ही तीन किलोंहून जास्त हवेचं भाडं भरत होतात. त्या पैशात म्यान, लाकडाची टोपी आणि नवं ५ प्लायचं खोकं सगळं निघेल. टेप तेवढी एचच्या आकारात लावा, मधल्या जोडावर एक आणि दोन्ही कडांना एकेक, वर आणि खाली दोन्हीकडे.

बरणीघर (शनिवार, सकाळी १०.२०)

ताई, आत एक चिठ्ठी घाला उघडायच्या पद्धतीची, मराठीत आणि हिंदीत. आमच्या आजींनी बोट कापलं ते सुरी खुपसून खोकं उघडताना हात आत घातला म्हणून.

धायरीची_विळीवाली (रविवार, रात्री ९.०५)

चिठ्ठी सासऱ्यांनी सांगितली, मी लिहिली. "आधी पाट धरा. विळी पाटासकट बाहेर काढा. पातं तुमच्यापासून लांब ठेवून सुतळी सोडा. म्यान टाकू नका, विळी ठेवून देताना पुन्हा घाला. परत पाठवायची असेल तर म्यान आणि लाकडी टोपी घालूनच पाठवा." खोक्याच्या वरच्या झडपेवर आतून चिकटवतोय, म्हणजे उघडताच पहिली तीच दिसते.

फोटो मार्केटप्लेसला पाठवलेत, उत्तर यायचंय. काल नाशिकच्या त्या मुलाला फोन केला, टाके निघालेत, मूठ वळते म्हणाला. त्याच्या आईसाठी एक विळी पाठवतेय, नव्या पॅकिंगचं पहिलं पार्सल तेच. आज सकाळपासून ग्राइंडर चालू आहे.

निवृत्त_क्यूसी (रविवार, रात्री ९.३०)

ताई, म्यानाची मापं आणि त्या लाकडी टोपीच्या खाचेची खोली टाकता का इथे? माझ्या ओळखीत सासवडला एक जण कोयते आणि विळे पाठवतो, त्याला द्यायची आहेत.

धायरीची_विळीवाली (रविवार, रात्री ९.४५)

काका, उद्या सकाळी वर्कशॉपला गेले की कॅलिपरने मोजून टाकते. खाच अंदाजे नको सांगायला, खवणी प्रत्येक मापाला वेगळी आहे.